तलवारबाजीचं पातं वाकलं तर सरळ करायचं की टाकून द्यायचं?

ऑलिंपिकमधली तलवारबाजीची मॅच नीट बघितली असेल, तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. पॉइंट झाला की एखादा खेळाडू पट्टीवरून बाजूला उतरतो, तलवारीचं पातं जमिनीवर टेकवतो, त्यावर बूट ठेवतो आणि मूठ धरून पातं बुटाखालून सर्रकन ओढून घेतो. एकदा, दोनदा, तीनदा. मग एक डोळा मिटून पात्याच्या टोकाकडे बघतो आणि परत खेळायला उभा राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा शकुनाचा काहीतरी प्रकार वाटतो.

पण तो फक्त वाकलेलं पातं सरळ करत असतो. आणि त्यासाठी पट्टीवरून खाली उतरण्यालाही कारण आहे. १४ मीटर लांबीची ती पट्टी, म्हणजे 'पिस्ट', धातूची असते आणि पॉइंट मोजणाऱ्या मशीनच्या सर्किटचा भाग असते. तिच्यावर पातं घासून किंवा वाकवून सरळ केलं तर पंच पिवळं कार्ड दाखवू शकतात.

या खेळात पातं वाकणं ही रोजची गोष्ट आहे. किंबहुना ते वाकावं असंच बनवलेलं असतं. प्रश्न एवढाच असतो की वाकलेलं पातं किती वेळा सरळ करायचं आणि कधी त्याला रामराम म्हणायचा. या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर काय होतं, हे १९८२ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. तो भाग पुढे येईलच. आधी पातं समजून घेऊ.

पातं वाकतं कसं?

तलवारबाजीत तीन हत्यारं असतात. फॉइल, एपे आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धडावर आणि फक्त टोकाने वार करायचा. एपेमध्ये टोकानेच, पण डोक्यापासून पायापर्यंत कुठेही. सेबरमध्ये कमरेच्या वर, टोकाने किंवा धारेच्या बाजूनेही. (धार म्हणायची एवढंच, तिने काही कापलं जात नाही.) फॉइल आणि एपेचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर लांब, सेबरचं ८८. फॉइलचं पातं चौकोनी आणि बारीक, एपेचं तिकोनी आणि त्यामानाने कडक. अख्खी फॉइल किंवा सेबर ५०० ग्रॅमपेक्षा हलकी असावी लागते, एपे ७७० ग्रॅमपेक्षा.

पूर्ण वेगाने धावून येणाऱ्या माणसाने तलवारीचं टोक समोरच्याच्या छातीवर टेकवलं, तर तो सगळा जोर जाणार कुठे? पातं कडक असतं तर तो जोर थेट बरगड्यांत गेला असता. म्हणून पातं धनुष्यासारखं वाकतं, जोर पोटात घेतं आणि दुसऱ्या क्षणाला परत सरळ होतं. पातं किती लवचीक हवं याचंही माप ठरलेलं आहे. टोकापासून ७० सेंटिमीटरवर पातं आडवं पकडायचं, टोकाजवळ २०० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि टोक किती खाली येतं ते मोजायचं. फॉइलचं टोक साडेपाच ते साडेनऊ सेंटिमीटर खाली यायला हवं, एपेचं साडेचार ते सात. त्यापेक्षा कमी आलं तर पातं जास्त कडक, समोरच्याला लागणार. जास्त आलं तर चाबूकच.

पोलादाला ताण सोसायची एक मर्यादा असते. तिच्या आत वाकवलं तर ते पूर्वस्थितीत येतं. मर्यादा ओलांडली की थोडा वाक कायमचा राहतो. अंतर चुकून फार जवळून वार झाला, मनगट वाकडं पडलं, दोघं एकमेकांच्या अंगावर आले, की पातं या मर्यादेबाहेर जातं. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक पात्याचा वाक बघून खेळाडूचा दोष ओळखतात. ज्याचं पातं सारखं आडवं, बाजूला वाकतं, त्याचा हात वार करताना फिरतोय. पातं बदलून उपयोग नाही, नवीनही तसंच वाकणार.

किती वाक चालतो?

थोडा चालतो. फॉइल आणि एपेच्या पात्याला १ सेंटिमीटरपेक्षा कमी बाक असेल तर नियमाला हरकत नाही. पण तो बाक पात्याच्या मधल्या भागात हवा, सलग गोलाईचा हवा आणि वर-खाली दिशेतच हवा, डावी-उजवीकडे नको. बरेच खेळाडू असा हलका बाक मुद्दाम ठेवतात. टोक किंचित खाली झुकलेलं असलं की वार झाल्यावर पातं दरवेळी वरच्याच बाजूला कमान धरतं. दरवेळी एकाच बाजूला वाकणारं पातं कधी इकडे कधी तिकडे वाकणाऱ्या पात्यापेक्षा जास्त टिकतं. सेबरला सवलत मोठी आहे, ४ सेंटिमीटरपेक्षा कमी. पण तिथेही टोकाशी एकदम वळलेलं किंवा धारेच्या दिशेने वाकलेलं पातं चालत नाही.

हा नियम शोभेसाठी नाही. हुकासारखं वळलेलं टोक समोरच्याच्या तलवारीला वळसा घालून आत शिरू शकतं, म्हणजे सरळसरळ फसवणूक झाली. स्पर्धेआधी हत्यारं तपासली जातात तेव्हा पातं बघितलं जातं, आणि मॅच सुरू करताना पंचही नजर टाकतात.

सरळ करायची पद्धत

आधी वाक कसला आहे ते बघायचं. मूठ डोळ्याजवळ धरून टोकाकडे नजर लावली की लगेच दिसतं. लांबलचक, कमानीसारखा वाक असेल तर काळजी नाही. एकाच ठिकाणी कोपरासारखा मुडपलेला असेल तर काळजी आहे. आणि इंग्रजी 'एस' अक्षरासारखा, म्हणजे आधी एका बाजूला आणि पुढे दुसऱ्या बाजूला वाकला असेल, तर वेळ लागणार.

कमानीसाठी बुटाची पद्धत सगळ्यात चांगली. पातं जमिनीवर असं ठेवायचं की कमानीचा फुगीर भाग वर येईल. त्यावर बुटाचा तळवा ठेवायचा, टाच नाही. मूठ जमिनीपासून थोडीशीच उचलायची आणि पातं आपल्याकडे ओढून घ्यायचं. जोर एका जागी न पडता पात्याच्या लांबीवर पसरला पाहिजे, सगळी गंमत त्यातच आहे. मूठ जास्त उचलली तर पातं बुटाच्या कडेवर मुडपतं आणि होता त्यापेक्षा वाईट वाक बसतो. एका झटक्यात सरळ करायचा मोह टाळायचा. पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढलं की काम होतं.

टोकावर मात्र पाय कधीच द्यायचा नाही. फॉइल आणि एपेच्या टोकाला स्प्रिंग असलेलं छोटं बटण असतं, ते दाबलं गेलं की मशीनचा दिवा लागतो. त्यावर बूट पडला तर पातं सरळ होईल आणि बटण कामातून जाईल. बूट नेहमी टोकाच्या मागे.

कोपरासारखा वाक असेल तर पातं दोन्ही हातांत धरून, मुडपलेली जागा गुडघ्यावर किंवा जाड कापडाच्या घडीवर ठेवून, अंगठ्यांनी थोडं थोडं दाबत आणायचं. 'एस' असेल तर एकावेळी एकच वाक काढायचा, मुठीकडचा आधी. दोन्ही एकदम काढायला गेलं की तिसरा तयार होतो, हे प्रत्येक क्लबमध्ये कुणीतरी एकदा तरी करून बघितलेलं असतं.

हातोडा नको. गॅसच्या शेगडीवर तापवणं तर मुळीच नको. पात्याची स्प्रिंगसारखी ताकद ठरावीक तापमानाच्या भट्टीतल्या प्रक्रियेतून आलेली असते. घरच्या जाळावर ती त्या जागी उतरते आणि पातं तिथे मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं. बाहेरून बघून काही कळत नाही, पातं सरळ, चकचकीत दिसतं. मुठीच्या आत जाणारा मागचा दांडा मात्र मुळातच मऊ ठेवलेला असतो. त्याला व्हाइसमध्ये पकडून थंडच थोडा कोन देता येतो, म्हणजे हातात तलवार नीट बसते.

सरळ झालं म्हणजे बरं झालं?

इथे बहुतेकांची गल्लत होते. तारेचा तुकडा तोडायचा असेल आणि पक्कड नसेल तर आपण काय करतो? एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. पाचव्या-दहाव्या वेळी तार तुटते. पातं सरळ करणं म्हणजे नेमकं तेच, फक्त सावकाश. प्रत्येक वाक आणि प्रत्येक सरळ करणं धातू मोजून ठेवतो. याला धातूचा थकवा म्हणतात. हजारो वेळा वाकून आधी डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर पडते, ती प्रत्येक वाराबरोबर थोडी पुढे सरकते आणि एक दिवस उरलेलं पोलाद जोर सोसू शकत नाही.

मग पातं तुटतं. तुटतं ते एका क्षणात, आणि समोरचा माणूस त्या वेळी पूर्ण वेगाने पुढे येत असतो. टोकाला बटण असलेली लवचीक छडी जाऊन हातात दातेरी खंजीर राहतो.

१९८२ च्या जुलैमध्ये रोममध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधला फॉइलचा वैयक्तिक सुवर्णपदक विजेता. त्याच्यासमोर पश्चिम जर्मनीचा मथियास बेर. वार करताना बेरचं पातं तुटलं आणि तुटलेलं टोक स्मिर्नोव्हच्या मास्कची जाळी भेदून डोळ्यातून मेंदूपर्यंत गेलं. काही दिवसांनी स्मिर्नोव्हचा मृत्यू झाला. तो २८ वर्षांचा होता. बेरची यात कसलीच चूक नव्हती. त्याने इतर कोणीही करतो तसाच वार केला होता.

या घटनेनंतर खेळाचं सगळं साहित्य बदललं. मास्कची जाळी मजबूत झाली. बुलेटप्रूफ जॅकेटसाठी वापरतात तशा प्रकारच्या तंतूंचे कपडे आले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या जॅकेटला ८०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ८० किलो वजनाएवढा जोर टोचूनही न फाटण्याची अट आहे. मास्कच्या गळ्याखालच्या पट्ट्याला १६०० न्यूटन. आणि पात्याचं पोलादही बदललं.

मॅरेजिंग पोलाद आणि एक गैरसमज

नव्या पोलादाचं नाव मॅरेजिंग. लग्नाशी काही संबंध नाही. 'मार्टेन्साइट' ही पोलादाची एक रचना आणि 'एजिंग' म्हणजे ठरावीक उष्णतेत मुरवणं, या दोन शब्दांची ती जोडणी. साध्या पोलादाची ताकद कार्बनमधून येते. यात कार्बन जवळपास नसतोच. त्याऐवजी साधारण १८ टक्के निकेल, सोबत कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडं टायटॅनियम. हेच पोलाद रॉकेटच्या कवचासाठी आणि विमानांच्या भागांसाठीही वापरलं गेलं आहे. त्याचा गुण असा की पडलेली चीर साध्या कार्बन पोलादापेक्षा खूप हळू पुढे सरकते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयईच्या स्पर्धांत फॉइल आणि एपेला हेच पातं लागतं. सेबरसाठी वेगळं मानक आहे. पात्यावर मुठीजवळ शिक्के असतात, त्यावरून कोणतं पातं आहे ते कळतं.

गैरसमज असा की मॅरेजिंग पातं तुटलं तरी बोथट तुटतं, म्हणून ते सुरक्षित. असं काही नसतं. तेही तितकंच दातेरी, तितकंच धारदार तुटतं. ते सुरक्षित आहे ते तुटायला जास्त वेळ लावतं म्हणून. महागडं पातं आहे म्हणून वर्षानुवर्षं सरळ करून वापरणारा माणूस पैसे दिलेल्या गोष्टीचाच फायदा घालवतो.

झिजलेलं पातं कसं ओळखायचं?

सगळ्यात विश्वासाची खूण म्हणजे पातं वाकण्याची तऱ्हा. टोक भिंतीला टेकवून हलका दाब द्यायचा (डोळ्याला चष्मा लावून, आणि जवळ कोणी नसताना). चांगलं पातं एकसारखी कमान धरतं. थकलेलं पातं एका ठिकाणी कोन करतं, बाकीचं सरळ राहतं. ती जागा मऊ पडलेली असते आणि तिथेच तुटायची शक्यता जास्त. दुसरी खूण, कालच सरळ केलेलं पातं आज तितक्याच साध्या वाराने परत तिथेच वाकणं. असं पातं ठेवू नये, कितीही आवडतं असलं तरी.

चीर शोधायला उजेडात पातं फिरवून बघायचं. आडवी काळी रेघ दिसली तर विषय संपला. दिसत नसेल तर कापसाचा बोळा पात्यावरून हळू फिरवायचा. जिथे तंतू अडकतात तिथे चीर आहे, नाहीतर खाच.

खाचा सेबरला जास्त पडतात, कारण तिथे पात्यावर पातं आपटतं. बारीक खाच कानशीने घासून गुळगुळीत करता येते, आणि लगेच करावी. एक म्हणजे तिचे दाते समोरच्याचं जॅकेट आणि हात ओरबाडतात. दुसरं म्हणजे चीर सुरू व्हायला खाचेइतकी सोयीची जागा नाही. घासायचं ते पात्याच्या लांबीच्या दिशेने, आडवं नाही. आडव्या ओरखड्यातूनही चीर निघते. खोल खाच मात्र घासत बसू नये, तेवढं पोलाद काढल्यावर पातं तिथे बारीकच होणार.

तिसरा शत्रू गंज, आणि आपल्याकडे तो पहिल्या नंबरला ठेवायला हवा. कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा आणि घामाने भिजलेलं जॅकेट एकाच बॅगेत, त्यात तलवारी. दोन दिवसांत पातं तांबूस. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. पण गंजाने पात्याला टोचल्यासारखे खड्डे पाडले असतील तर प्रत्येक खड्डा ही एक छोटी खाचच. उपाय अगदी साधा आहे. खेळून झालं की पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, वरून तेलाचा हलका हात, आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत. तेल टोकाच्या बटणापर्यंत जाऊ द्यायचं नाही. फॉइल आणि एपेच्या वाटीसारख्या गार्डवरचा गंजही काढायचा, कारण समोरच्याचं टोक गार्डवर लागलं तर दिवा लागू नये यासाठी ती धातूची वाटी स्वच्छ असावी लागते.

विजेची तार हा वेगळाच ताप. पात्याच्या वरच्या बाजूला लांब खाचणी असते, तिच्यात फॉइलची एक आणि एपेच्या दोन बारीक तारा गोंदाने चिकटवलेल्या असतात. पातं कोपरात मुडपलं की तिथला गोंद सुटतो, तार वर येते आणि पुढच्या वाराला तुटते. पातं चांगलं असेल तर ॲसिटोनने जुना गोंद काढून नवी तार बसवता येते. टोकाच्या स्प्रिंगची परीक्षा मॅचआधी पट्टीवरच होते. फॉइलच्या टोकाने ५०० ग्रॅमचं वजन परत वर उचललं पाहिजे, एपेच्या टोकाने ७५० ग्रॅमचं. स्प्रिंग, स्क्रू, तार हे सगळं बदलता येतं. थकलेलं पोलाद बदलता येत नाही.

खरी अडचण पैशाची

हे सगळं वाचायला सोपं आहे. पण गावातल्या क्लबमध्ये दहा मुलं आणि चार तलवारी असतात तेव्हा 'संशय आला की टाकून द्या' असं म्हणणं जड जातं. स्पर्धेला उतरायचं तर प्रत्येकाकडे किमान दोन चालू हत्यारं लागतात. टोकियोमध्ये २०२१ साली ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी हिने स्वतः सांगितलं आहे की सुरुवातीच्या काळात चेन्नईत ती आणि सोबतची मुलं सरावाला बांबूच्या काठ्या वापरायची आणि खऱ्या तलवारी स्पर्धेसाठी राखून ठेवायची, कारण तलवारी महाग होत्या आणि तुटल्या तर परत मिळणं सोपं नव्हतं. महाराष्ट्रात आता शालेय क्रीडा स्पर्धांत तलवारबाजी आहे, छत्रपती संभाजीनगरच्या साई केंद्रात तिचं प्रशिक्षण चालतं. मुलं वाढली की पातीही जास्त लागणार, आणि जुनी पाती लहान मुलांच्या हातात जाणार.

नेमकी हीच पद्धत धोक्याची आहे. मोठ्यांनी वापरून थकवलेलं पातं नवशिक्या मुलाला देणं ही काटकसर नाही. नवशिक्याचं अंतर चुकतं, हात कडक असतो, त्याच्याकडून पातं जास्तच मुडपतं. लहान मुलांना ० किंवा २ नंबरची आखूड पाती हवीत. मोठ्यांचं ५ नंबरचं तुटलेलं पातं कापून, टोक घासून मुलांसाठी बनवणं तर अजिबात नको. त्यापेक्षा संशयी पाती भिंतीवरच्या निशाण्यासाठीही न ठेवता बाजूला काढावीत आणि सरावाचे काही दिवस नुसत्या पदन्यासाचे ठेवावेत. पैसे कमी असतील तर पात्यावर खर्च करावा, जुनी मूठ आणि गार्ड वर्षानुवर्षं चालतात.

कारण तलवार म्हणजे अख्खी वस्तू नाहीच. मागचा नट सोडवला की मूठ, गादी, गार्ड सगळं सुटं होतं आणि नव्या पात्यावर चढतं. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मराठ्यांच्या काळातली 'फिरंग' म्हणजे युरोपातून आलेलं पातं आणि त्यावर इथली मूठ. 

काढून टाकलेलं पातं भंगारात देण्याआधी एक काम उरतं. तुटलेल्या तोंडाला जाड कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावायची आणि सरावाच्या जागेवर पडलेला दुसरा तुकडा शोधून काढायचा. तो बहुतेक वेळा बाकाखाली सापडतो. सापडेपर्यंत कोणालाही अनवाणी फिरू द्यायचं नाही.